रावणाच्या गावी हिंगोलीकर

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाचा समुद्राशी संबंध येतो तो हवामान खात्यामार्फत. मार्च-एप्रिलात शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडलेली असते, आणि नेमकी तेव्हा मोबाईलवर बातमी येते की श्रीलंकेजवळ कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे. मग घरातलं लहानथोर ताडपत्री शोधत पळतं. पट्टा लंकेजवळ, पळापळ वसमतला. त्यामुळे आमच्याकडे लंकेचं नाव दोनच ठिकाणी निघतं : रामलीलेत आणि ताडपत्रीच्या दुकानात.

सोयाबीन विकून झालं होतं आणि हळद काढायला अवकाश होता, अशा जानेवारीतल्या फटीत आमच्या मंडळींनी श्रीलंकेची सहल ठरवली. सहलवाल्याच्या पत्रकावर ‘साहस, संस्कृती आणि रामायण’ असं छापलं होतं. रामायणाला सगळे तयार होते, संस्कृतीला कोणाची हरकत नव्हती, आणि साहस म्हणजे काय हे विचारायचं राहून गेलं. वसमतचे काका हळदवाले. ते एकदाही देशाबाहेर गेले नव्हते आणि जायची हौसही नव्हती. पण ताडपत्रीवर आयुष्य घालवलेल्या माणसाचं कारण ठोस होतं. ते म्हणाले, “ते ढग कुठून येऊ लाले, ते एकदा पाहून येतो.”

आमच्यातले गुरुजी निवृत्त भूगोलवाले. निघायच्या आधी त्यांनी सगळ्यांना बसवून नकाशा दाखवला. श्रीलंकेचं क्षेत्रफळ साधारण 65 हजार 600 चौरस किलोमीटर. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचं 64 हजारांच्या वर. म्हणजे, गुरुजींच्या मते, मराठवाड्याभोवती पाणी भरलं की झाली श्रीलंका.

“भरलं तर ना,” काका म्हणाले.

उष्ण कटिबंधाचंही तसंच. पत्रकात ‘उष्ण कटिबंधातला निसर्गरम्य देश’ असं लिहिलेलं वाचून काकूंना फार अप्रूप वाटलं. गुरुजींनी सांगितलं की कर्कवृत्त पार वर मध्य प्रदेशातून जातं, तेव्हा हिंगोलीसुद्धा उष्ण कटिबंधातच आहे. काकूंना ते पटायला वेळ लागला नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाला कटिबंध शिकवावा लागत नाही. फक्त ह्याच गोष्टीचे पैसे देऊन लोक दुसरीकडे जातात, हे त्यांना नवीन होतं.

प्रवासाचं म्हणाल तर नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला पोचायला आख्खी रात्र लागली, आणि मुंबईहून कोलंबोला अडीच तास. परदेश त्यामानाने जवळ आहे. लांब आहे ती मुंबई. उतरल्यावर गुरुजींनी घड्याळ मागेपुढे करायला हात घातला तर तिथे आपलीच वेळ निघाली. पैशाचा हिशेब मात्र बदलला. आपल्या एका रुपयाचे त्यांचे तीनांहून जास्त रुपये मिळतात म्हटल्यावर सगळ्यांच्या चालण्यात एकदम फरक पडला. पहिल्या शहाळ्याचं बिल त्यांच्या रुपयात आलं तेव्हा तो फरक लगेच गेलाही.

जेवणाची तयारी आम्ही घरूनच केली होती. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि बरणीभर भुरका. ह्या बरणीने पुढे आमचे आबा वाचवले. आबा नर्सीकडचे, माळकरी. पहिल्या सकाळी हॉटेलात पानावर लाल ओल्या खोबऱ्याची चटणी आली. तिला तिकडे पोल सांबोल म्हणतात. खोबरं, मिरची, लिंबू. आबांनी घास उचलला. तेवढ्यात वाटाड्या म्हणाला की ह्यात चवीला थोडा वाळलेला मासा कुटून घालतात. आबांनी घास खाली ठेवला, पान बाजूला सारलं आणि त्या क्षणापासून भारतात परत येईपर्यंत ते मनाने भुरक्याच्या बरणीतच राहिले.

रामायणाचा भाग नुवारा एलियाजवळच्या सीता एलियाला होता. ओढ्याकाठी सीतेचं देऊळ आहे, खडकावर हनुमंताची म्हणून पावलं दाखवतात, आणि जवळच्या हकगला बागेला अशोकवाटिका म्हणतात. काकूंनी ओटीचं सामान हिंगोलीहून आणलं होतं : खण, हळदकुंकू, तांदूळ आणि नारळ. नारळ! ज्या देशात डोक्यावर नारळ पडू नये म्हणून वर बघत चालावं लागतं, तिथे ह्या बाईने कळमनुरीच्या बाजारातला नारळ साडीत गुंडाळून नेला होता. बॅग तपासणाऱ्या शिपायाने तो बराच वेळ हातात फिरवून पाहिला. काकूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. माहेरवाशिणीची ओटी तिच्या सासरच्या नारळाने भरायची नसते. आणि सीता तर सासरीही नव्हती.

सिगिरियाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे मी स्वतः हरखून गेलो. पाचव्या शतकातला कश्यप नावाचा राजा. त्याने बापाला, धातुसेनाला मारलं आणि गादी बळकावली. मग भाऊ मोग्गलान सूड घ्यायला येईल ह्या धास्तीने त्याने सरळ उभ्या दोनेकशे मीटर उंच खडकावर राजवाडा बांधला. आमच्याकडे भावकीच्या भांडणात माणूस फार तर बांध कोरतो, नाहीतर तहसीलला अर्ज करतो. ह्या गृहस्थाने डोंगरच वापरात घेतला. वर पाण्याच्या टाक्या, खाली कारंज्यांच्या बागा, अर्ध्या वाटेवर सिंहाचे प्रचंड पंजे, आणि खडकाच्या पोटात रंगवलेल्या अप्सरा. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. इतकं करून शेवटी भाऊ आलाच, आणि कश्यप लढायला खाली उतरून मेला. “मग वर काहून बांधलं?” हा काकांचा प्रश्न. त्याचं उत्तर अजून कोणत्याही पुरातत्त्वज्ञाने दिलेलं नाही.

तिथे एक आरशासारखी गुळगुळीत केलेली भिंत आहे. राजा गेल्यावर शेकडो वर्षं तिथे प्रवासी येत राहिले, त्या अप्सरा बघत राहिले आणि भिंतीवर कविता खरडत राहिले. सेनरत परणवितान ह्या विद्वानाने त्यातल्या 685 कविता वाचून 1956 मध्ये ग्रंथरूपाने छापल्या. सिंहली भाषेच्या इतिहासातलं ते मोठं धन समजलं जातं. मला आपले किल्ले आणि लेणी आठवली. आपल्याकडेही प्रवासी लिहितो, पण त्याची मजल बदाम, बाण आणि दोन नावांच्या पुढे जात नाही. ह्या बाबतीत तिकडचे आपल्यापेक्षा हजार वर्षं पुढे आहेत. पण आता त्यांनाही हे लाड परवडत नाहीत. 2015 मध्ये एका मुलीने त्याच भिंतीवर नाव कोरलं तेव्हा न्यायालयाने तिला दोन वर्षांची शिक्षा दिली, आणि ती राष्ट्राध्यक्षांच्या माफीनंतर सुटली. हजार वर्षांपूर्वी खरडलं तर वाङ्मय, आज खरडलं तर दोन वर्षं.

साहसाचा भाग आला कितुलगलाला. केलानी नदीच्या फेसाळत्या पाण्यातून रबरी होडीने जायचं. डोक्याला शिरस्त्राण, अंगाला तरंगणारं जाकीट, हातात वल्हं, आणि त्याआधी ‘जिवाचं काही झालं तर जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही. सही म्हटल्यावर सगळे जरा थबकले. पीक कर्जाच्या कागदांनंतर माणूस सहीला भितो. काका म्हणाले, “कयाधूला पूर असला अन् पुलावरून पाणी चाललं असलं की आपण मोटारसायकल घालतोच की. तिथं कुठं जाकीट राहतं?” ते खरंच आहे. दर पावसाळ्यात आमच्याकडे दोन-चार गावांचं बेट होतं आणि दूधवाला, मास्तर, पोस्टमन बिनातिकिटाचं साहस करून येतात. फक्त पलीकडच्या काठावर फोटो काढणारा नसतो.

ह्याच नदीवर ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ ह्या 1957 च्या चित्रपटातला पूल उभारला होता. नदी गोष्टीत थायलंडची, चित्रीकरणात लंकेची. पूल शेवटी उडवून दिला. आता तिथे पूल नाही, आणि नसलेला पूल पाहायला आजही जगभरातून लोक येतात. आमच्या मंडळींनी हे फार गंभीरपणे ऐकून घेतलं. वाहून गेलेल्या पुलाला पर्यटनस्थळ करता येतं हे आमच्याकडच्या ठेकेदारांना कळलं, तर हिंगोली जिल्हा गोव्याला मागे टाकेल.

आता मातलेचं. कँडीच्या वाटेवर मसाल्याच्या बागा आहेत आणि प्रत्येक सहलीची गाडी तिथे थांबतेच. दालचिनी, मिरी, वेलदोडा, जायफळ, सगळं पाटी लावून दाखवतात. एका पाटीपाशी तिथला मुलगा थांबला, आवाज खाली आणला आणि एका रोपाकडे बोट करून म्हणाला, हे झाड ओळखा बघू, ह्याची मुळं सोन्यासारखी पिवळी निघतात.

वसमतच्या माणसाला हळद दाखवत होता!

काका काही बोलले नाहीत. उकिडवे बसले, पान उलटं करून पाहिलं, बुडाशी बोट घालून माती चाचपली आणि म्हणाले, “करपा पडलाय. अन् बुडाला पाणी साचू लालंय, कंदकूज येईल.” गुरुजींनी इंग्रजीत सांगितलं. मुलाचा चेहरा उतरला, मग त्याने आतून मालकाला बोलावलं. पुढचा तासभर सहल तिथेच अडकली. बेणं कसं निवडायचं, गादीवाफ्यावर ठिबक कशी टाकायची, काढल्यावर कुकरमध्ये किती वाफ द्यायची, ढोलात घालून चकाकी कशी आणायची, सगळं काकांनी हातवाऱ्यांनी समजावलं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हेही सांगून झालं. मालकाने चहा पाजला. वाटाड्या घड्याळ बघत होता.

मग मालकाने त्याची गोष्ट सांगितली. 2019 च्या अखेरीस श्रीलंकेने आपल्या शेतकऱ्यांसाठी बाहेरची हळद यायची बंद केली. देशात तेवढी हळद पिकत नव्हती, आणि भात-भाजी तर हळदीशिवाय होत नाही. पुढच्या वर्षी भाव किलोला हजारांच्या घरात गेला. मग तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या होड्यांतून हळदीची तस्करी सुरू झाली आणि लंकेचं आरमार पोतीच्या पोती हळद पकडू लागलं.

काका बराच वेळ गप्प बसले. “हळदीची तस्करी,” ते शेवटी म्हणाले, “अन् आम्ही ते पोतं घेऊन बाजारात दोन दिवस रांगेत होतो.” त्या दिवसापासून त्यांनी समुद्राकडे ढगांचं उगमस्थान म्हणून पाहणं बंद केलं. ते किनाऱ्यावर उभे राहून अंतर मोजायचे.

बाहेर पडताना बागेच्या दुकानात तेलाच्या इवल्या बाटल्या असतात. गुडघ्याला, केसाला, झोपेला. किंमत ऐकून ज्याचा गुडघा दुखत नव्हता त्याचाही दुखायला लागला. परतताना गाडीत कोणीतरी म्हणालं, हे लोक प्रवाशाला लुबाडतात. ह्यावर गुरुजींनी हिंगोलीचा इतिहास काढला. इंग्रजांच्या काळात हिंगोलीला निजामाच्या फौजेची छावणी होती. तिथे हरीसिंग नावाचा कापडाचा व्यापारी होता, मोठा अब्रूदार. त्याने साहेबाकडून मुंबईहून कापड आणायचा परवाना काढला. कापड खरोखर मुंबईहून येत होतं, फक्त ते दुसऱ्या व्यापाऱ्याचं होतं. हरीसिंगाने वाटेत त्या व्यापाऱ्याला माणसांसकट संपवलं आणि त्याच परवान्यावर माल आणून छावणीत उघडपणे विकला. तो ठगांचा म्होरक्या होता. छावणीतले साहेब लोक त्याचं गिऱ्हाईक होते. त्यातला एक मेडोज टेलर. त्याने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ह्या 1839 च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकिकत देऊन टाकली, आपणही त्याच्याशी व्यवहार केल्याचं कबूल करत. हे ऐकल्यावर गाडीतल्या सगळ्यांनी तेलाच्या बाटलीबद्दल बागवाल्याला माफ केलं. निदान त्याने पावती दिली होती.

कँडीला बुद्धाच्या दाताचं मंदिर आहे. दात दिसत नाही, पेटी दिसते, तीही गर्दीतून. तो दिवस पौर्णिमेचा होता. लंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते, लोक पांढरे कपडे घालून मंदिरात येतात, आणि दारूची विक्री बंद असते. सहलीची तारीख पौर्णिमा पाहून गुरुजींनीच धरली होती, शुभ दिवस म्हणून. आमच्यातल्या दोघा-तिघांनी ह्या शुभ दिवसाबद्दल रात्री गुरुजींशी बोलणं टाकलं. आबांचं मात्र सोनं झालं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, गळ्यात माळ; रांगेतल्या बायाबापड्यांनी त्यांना आपलाच कोणी वडीलधारा समजून पुढे सरकवलं. टोपी तेवढी काढावी लागली. आबांनी ती काढली तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की आबांना टक्कल आहे.

एका ठिकाणी आमच्यातल्या पोराने बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी घ्यायला फोन उचलला, तसा रखवालदार धावत आला. तिकडे ते अपमानकारक मानतात. आबा पोरावर रखवालदारापेक्षा जास्त रागावले. देवाला पाठ दाखवायची नाही हे आम्हाला लंकेत शिकायची वेळ यावी! आमच्याकडे तर देवानेच एकदा पुजाऱ्यांना पाठ दाखवली होती. औंढ्याला नामदेवांना कीर्तन मागे जाऊन करा म्हणाले, तर नागनाथाचं देऊळच तिकडे फिरलं. नंदी देवळाच्या मागच्या बाजूला राहिला, तो आजही तिथेच आहे.

औंढ्याची खरी आठवण आली ती श्रीपादच्या डोंगरावर. 2243 मीटर उंची, पाच हजारांवर पायऱ्या, रात्री चढायचं आणि वर सूर्योदय पाहायचा. माथ्यावर खडकात एक पाऊल आहे. बौद्ध म्हणतात बुद्धाचं, हिंदू म्हणतात शिवाचं, मुसलमान म्हणतात आदमचं, आणि ख्रिस्ती लोकांत ते संत थॉमसचं मानणारे आहेत. पाऊल एक, आणि चौघे एकाच रांगेत, एकाच टपरीवरचा चहा पीत चढतात. आमचं उलटं आहे. नागेश्वर ज्योतिर्लिंग एकच, आणि ते औंढ्याला की द्वारकेजवळ की अल्मोड्याकडे जागेश्वरला, ह्यावर तीन राज्यांचा वाद. दावेदार सगळे हिंदूच, त्यामुळे मिटायची आशा नाही.

काकू तो डोंगर चढल्या. बँकेचा जिना नको म्हणून पासबुकाची नोंद पोराकडून करून घेणाऱ्या काकू अंधारात पाच हजार पायऱ्या चढल्या, आणि वर पोचल्यावर “आपल्याकडं असं काहीच नाही बाई” म्हणाल्या.

हेच मला खटकलं. औंढ्याचं यादवकालीन देऊळ, बाहेरच्या भिंतीवर दगडाचं असं कोरीव काम की मान दुखावी, आणि महादेव तळघरासारख्या गाभाऱ्यात, जिथे वाकून, जवळजवळ बसत उतरावं लागतं. साहस आणि संस्कृती एकाच जिन्यात. 1270 मध्ये नामदेवांचा जन्म झाला ती नर्सी कयाधूच्या काठी आहे. त्यांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबातून शीख मंडळी एवढ्या लांब येतात. हिंगोलीचा माणूस घरी पाहुणे आले तरच नर्सीला जातो. शिरड शहापूरला मल्लिनाथाचं जैन मंदिर आहे. इसापूर आणि सिद्धेश्वर धरणांवर मावळतीला जे दिसतं त्याला लंकेत तिकीट असतं.

आणि आता तर औंढ्याजवळ लायगो होऊ घातलं आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचं यंत्र, कुठे तरी कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की इथे त्याचा तरंग टिपणार. 2023 मध्ये केंद्राने 2600 कोटी मंजूर केले. असली यंत्रं अमेरिकेत दोन आहेत. जागा निवडताना देशभर शोध घेतला तो शांत जमिनीचा : जिथे वर्दळ नाही, कारखाने नाहीत, समुद्राच्या लाटांचा कंपही लांब. हिंगोलीत काही हलत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षं गाऱ्हाणं म्हणून सांगत होतो. शास्त्रज्ञांनी तो गुण ठरवला. अर्थात 2024 च्या मार्चमध्ये 4.5 तीव्रतेचा भूकंप होऊन हिंगोलीनेही आपली बाजू मांडली.

लंकेकडे जे आहे आणि आमच्याकडे नाही, ते म्हणजे पाटी. पाऊल असो, दात असो, पडलेला पूल असो की करपा पडलेली हळद, तिथे पाटी आहे, पाटीजवळ माणूस आहे, माणसाजवळ गोष्ट आहे, आणि पलीकडे स्वच्छ संडास आहे. शेवटच्या गोष्टीबद्दल काकू आजही लंकेची स्तुती करतात.

परतल्यावर आमची पंचाईत झाली ती दसऱ्याला. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना. म्हैसूरच्या खालोखाल आमचाच, असं आम्ही कोणी न विचारता सांगतो. रामलीला मैदानावर प्रदर्शन, पाळणे, रामलीला, आणि शेवटी रावणाचं दहन. पण तिकडे रावण हा त्यांचा मोठा राजा आहे. एलाजवळ त्याच्या नावाचा धबधबा आहे. 2019 मध्ये त्यांचा पहिला उपग्रह अवकाशात सुटला तर त्याचं नावही रावणा-1. ज्यांच्या घरी चहा पिऊन आलो, त्यांच्या राजाला पेटवताना टाळ्या कशा वाजवायच्या? काका तर मातलेच्या मालकाशी अजून फोनवर हळदीचे भाव बोलतात. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा मागे उभं राहून.

तेव्हा तुम्ही हिंगोलीला यायचं ठरवाल तर दसऱ्यातच या. इसापूर भरलेलं असतं, रान हिरवं असतं. मैदानावर मात्र उन्हं कलायच्या आत जागा धरा, नंतर पाय ठेवायला जागा उरत नाही. औंढ्याच्या गाभाऱ्यात उतरताना डोकं सांभाळा. आणि सोबत लंकेचा कोणी पाहुणा आणणार असाल, तर दहनाच्या संध्याकाळी त्याला औंढ्याला दर्शनाला पाठवून द्या.